वेग मोजायचा कुणाचा?

इकडे अमेरिकेत नवा सर्व्हर घ्यायचा म्हटलं की वाद ठरलेला: वेग प्रोसेसरचा बघायचा की डेटाबेसचा?

मंडळी, हा वाद जुना आहे. १९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी डेटाबेसची चाचणी बेतली आणि चक्क नावं घेऊन आकडे छापले. ओरॅकलला ते झोंबलं. परवानगीशिवाय आकडे छापायचे नाहीत, अशी अटच परवान्यात आली. तिला आजही ‘डेविट कलम’ म्हणतात!

१९८५ मध्ये जिम ग्रे यांनी (लेखावर स्वतःचं नाव न घालता) बँकेतल्या जमा-नावेवर चाचणी सुचवली. १९८८ मध्ये दोन संस्था निघाल्या. स्पेकने सुरुवात प्रोसेसरपासून केली; टीपीसीने डेटाबेससकट अख्खी यंत्रणा मोजली, किंमतही मांडायला लावली. बँकेसाठी मी टीपीसीच बघेन. डिस्क अडली तर प्रोसेसर नुसता ताटकळत बसतो.