मराठवाड्यातील सौरऊर्जेची वाटचाल : विशेष संदर्भ नांदेड व लातूर जिल्हे

प्रस्तावना :

भारतातील सौरऊर्जेच्या विस्ताराचा विचार बहुधा मेगावॅटच्या आकड्यांत केला जातो. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट होते. जानेवारी २०२५ अखेर देशाची स्थापित सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. हे यश निर्विवाद आहे. तथापि नांदेड व लातूर जिल्ह्यांत या स्थित्यंतराचा अर्थ केवळ आकड्यांतून उलगडत नाही. येथे विजेचा इतिहास हा मुख्यतः कृषिपंपाचा इतिहास आहे. सौरऊर्जेमुळे वीजनिर्मितीतील पाण्याची अडचण दूर होते. परंतु तिच्या जागी जमिनीचा जुना प्रश्न नव्याने उभा राहतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पंप आणि रात्रपाळी :

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले व ग्रामीण विद्युतीकरणाला गती मिळाली. साठच्या दशकात नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्याकडे पाटबंधारे व वीज ही दोन्ही खाती होती. या प्रदेशात ही दोन खाती एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत. नांदेडजवळील विष्णुपुरी प्रकल्पात गोदावरीचे पाणी उपसून कालव्यात सोडावे लागते. पंप थांबले की कालवा थांबतो.

विहीर आणि कूपनलिकेवर विसंबणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था याहून बिकट राहिली. भारनियमनाच्या काळात कृषी वाहिन्यांना तीन फेज वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, मिळत असे. पुढे भारनियमन ओसरले, पण शेतीची रात्रपाळी सुटली नाही. हरभऱ्याला किंवा उसाला पाणी देण्यासाठी ऐन थंडीत, अंधारात, साप-विंचवाचे भय बाळगून शेतावर जावे लागे. ग्रामीण भागात ज्याला डीपी म्हणतात ते रोहित्र जळाले, तर उभे पीक दुरुस्तीची वाट पाहत वाळे. ‘दिवसा वीज’ ही शेतकऱ्यांची मागणी सौरऊर्जेच्या धोरणाहून जुनी आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

परळीचा अनुभव :

लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात परळी येथे १९७१ मध्ये औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले. औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणीही लागते. २०१३ आणि २०१५ या दुष्काळी वर्षांत पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. पाठोपाठ मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी लातूर स्थानकात पोहोचली. ज्या प्रदेशात पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, तेथे पाणी उकळून वीज तयार करण्याची मर्यादा अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. सौर पटलांना पाणी लागते ते धुण्यापुरते.

शेतीच्या वाहिनीवर सूर्य :

२०१७ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यावी, अशी तिची रचना आहे. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी या टप्प्यातील एकूण १९ मेगावॅटचे पाच प्रकल्प राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यांत नांदेड जिल्ह्यातील बामणी (बु.) येथील ५ मेगावॅटचा प्रकल्प होता. आकडा लहान आहे. पण त्या वाहिनीवरील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो मोठा आहे.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. स्वतंत्र सौरपंपाला वीजबिल नाही आणि वेळापत्रकही नाही. ऊन आहे तोवर तो चालतो. भारनियमन जाचक होते, पण नकळत ते भूजलाच्या उपशाला लगामही घालत होते. तो लगाम सुटल्यावर उसाकडे वळलेल्या लातूरमध्ये कूपनलिका किती खोल जातील, याचा विचार सौरपंपाच्या धोरणात पुरेसा दिसत नाही.

गायरानाचा प्रश्न :

सौर वाहिनी योजनेत खासगी जमीनमालकाला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ देऊ केली आहे. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही रक्कम थोडी नव्हे. शासकीय जमीन मात्र नाममात्र दराने दिली जाते, आणि मराठवाड्यात शासकीय जमीन म्हणजे पुष्कळदा गायरान. येथील गायरानाला स्वतःचा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. १९९१ मध्ये शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. तरीही पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या अनेक कुटुंबांच्या नावे सातबारा झालेला नाही. महसुली दप्तरात अशी जमीन मोकळी दिसते; प्रत्यक्षात तिच्यावर ज्वारी असते, नाहीतर गावची जनावरे. सौर प्रकल्पासाठी जागा निश्चित करताना दप्तराबरोबर बांधावरची ही वहिवाटही पाहिली जाते का, हा प्रश्न प्रत्येक गावी स्वतंत्रपणे तपासावा लागेल.