मद्रासच्या तोफा आणि ध्वनीचा वेग

सकाळची आणि सायंकाळची तोफ सोडून वेळ जाहीर करण्याचा रिवाज कंपनी सरकारच्या लष्करी ठाण्यांतून चालत असे. परंतु मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून आणि सेंट थॉमस टेकडीवरील तोफखान्याच्या छावणीतून सुटणाऱ्या या तोफांकडून एका ज्योतिर्विदाने जे निराळेच काम करून घेतले, त्याची हकिकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. जॉन गोल्डिंगहॅम हे त्याचे नाव. घारापुरीच्या लेण्यांवरील त्याचा लेख 1795 साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला होता, आणि तेवढ्यासाठी तरी महाराष्ट्राने त्याचे स्मरण ठेवावयास हवे होते.

नुंगम्बाक्कम येथे 1792 साली उभारलेल्या कंपनीच्या वेधशाळेचा तो अधिकारी. तेथून किल्ला सुमारे अडीच मैल, तर टेकडी साडेपाच मैल. तोफेचा जाळ दिसताच घड्याळाचे ठोके मोजू लागावे आणि आवाज कानी येताच थांबावे, एवढीच कृती. किल्ल्याचा आवाज सुमारे बारा सेकंदांनी येई, टेकडीचा सव्वीस सेकंदांनी. आवाजाबरोबर तोफेजवळची हवा वाहत येत नाही. तिचा एक थर दाबला जातो, तो पुढच्या थराला दाबतो आणि स्वतः पूर्वस्थितीस येतो, आणि दाबाची ही परंपराच तेवढी आपल्यापर्यंत पोहोचते. या परंपरेचा वेग न्यूटनने 1687 साली गणिताने काढला होता, परंतु तो प्रत्यक्षाहून सुमारे एक षष्ठांशाने कमी भरला. दाबलेली हवा क्षणभर तापते आणि ती उष्णता निसटण्यापूर्वीच तरंग पुढे निघून जातो, हे कारण पुढे 1816 साली लाप्लासने दाखवून दिले.

गोल्डिंगहॅमची थोरवी कोणत्याही नव्या सिद्धांतात नाही. ती त्याच्या दप्तरात आहे. युरोपात असे प्रयोग मोजक्या रात्रींत उरकले जात; याने 1820-21च्या सुमारास ऋतुमागून ऋतू, तापमान, वायुभार, आर्द्रता आणि वारा यांच्या नोंदींसह ही मोजणी चालविली. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या निबंधात जानेवारीचा वेग सेकंदाला सुमारे 1,100 फूट, तर जुलैचा 1,160हून अधिक दिला आहे. हा फरक एकट्या उष्णतेचा नव्हे. मद्रासचा हिवाळा तेवढा थंड नसतोच, आणि माझ्या मते त्यात वाऱ्याचा वाटा बराच असला पाहिजे. वायुभारालाही त्याने वेगावर अधिकार दिला, तो मात्र टिकला नाही. भार वाढला की हवेची घनताही त्याच प्रमाणात वाढते आणि वेग होता तसाच राहतो. परंतु फॅरनहाइटच्या एका अंशामागे सुमारे 1.2 फूट, हा त्याचा हिशेब आजच्या 1.1 फुटांच्या किती निकट आहे! रोजच्या शिरस्त्याच्या तोफेतून, नुसत्या नेमाने ठेवलेल्या नोंदवहीच्या बळावर, इतके सूक्ष्म प्रमाण हाती यावे, ही गोष्ट मला कोणत्याही आकस्मिक शोधाहून अधिक आदरणीय वाटते.

वेधशाळेचे खगोलनिरीक्षण 1899 साली कोडाईकनालला गेले. 1792 हे साल कोरलेला तिचा ग्रॅनाइटचा स्तंभ नुंगम्बाक्कमला अद्याप उभा आहे. मद्रासला जाणाऱ्या वाचकाने तो अवश्य पाहावा.