विंडोजच्या पोटातलं लिनक्स

२००८ साली आमच्या घरात एकच कॉम्प्युटर होता, तोही सगळ्यांचा. त्यावर विंडोज एक्सपी, बाबांचे हिशेब आणि ताईच्या लग्नाचे फोटो. मला लिनक्स हवं होतं; पण पार्टिशन करताना एखादं बटण चुकलं असतं तर घरात माझी काही खैर नव्हती!

त्याच एप्रिलमध्ये उबुंटू ८.०४ आलं आणि त्याच्या सीडीत वुबी होतं. विंडोजमधून एखादा गेम टाकावा तसं उबुंटू टाकायचं, नाही आवडलं तर तसंच काढायचं. पार्टिशनला हातच लावायचा नाही. कल्पना तशी जुनीच. नव्वदच्या दशकात यूएमएसडॉस वापरून डॉसच्या पार्टिशनवर लिनक्स ठेवता यायचं.

वुबी म्हणजे व्हर्च्युअल मशीन नव्हे बरं का. मशीन चालू करताना एक तर विंडोज, नाहीतर उबुंटू. प्रोसेसर आणि रॅम पूर्ण मिळायची, त्यामुळे एरवी फरक कळायचा नाही. मेख होती डिस्कमध्ये. अख्खं उबुंटू विंडोजच्या ड्राइव्हवर 'रूट डॉट डिस्क' नावाच्या एका भल्यामोठ्या फाइलीत राहायचं. काही लिहायचं म्हटलं की आधी त्या फाइलीतली फाइल सिस्टिम, मग विंडोजची एनटीएफएस, मग डिस्क. सरकारी कचेरीत अर्ज दोन टेबलांवरून फिरतो तसं. त्यात ती फाइल तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असली की आणखी हळू.

वेग मी चालवून घेतला असता. पण मार्च २००९ मध्ये कंपाइल चालू असताना लाइट गेली. यूपीएस नव्हता. लाइट आल्यावर विंडोजने डिस्क तपासली. हिशेब जागेवर, फोटो जागेवर. उबुंटू मात्र उठेना. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्या एका फाइलीत होता, बॅकअप दोन आठवडे जुना आणि सबमिशन नऊ दिवसांवर. ते दोन आठवडे मी नऊ रात्रीत परत लिहिले. सुट्टीत फोटो सीडीवर घेतले आणि रीतसर पार्टिशन केलं. त्याच मशीनवर पॅकेजेस चटकन इन्स्टॉल होताना बघून स्वतःचाच राग आला.

पुढे २०१३ साली उबुंटू १३.०४ मधून वुबी वगळलं गेलं. यूईएफआयवाल्या नव्या मशीनवर ते चालायचंही नाही.

गंमत म्हणजे आज हापिसात आम्ही डब्ल्यूएसएल २ वापरतो. ते व्हर्च्युअल मशीनवर चालतं, पण त्याचं लिनक्सही विंडोजवरच्या एका फाइलीतच राहतं! आणि कोड विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून बिल्ड केला की रखडतो. दोन फाइल सिस्टिममधली ये-जा आजही फुकट नाही. नवीन पोरांना मी सांगतो, कोड लिनक्सच्या बाजूला ठेवा आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी पुश करा. पहिली गोष्ट ते लगेच ऐकतात. दुसरी ऐकायला बहुधा एकदा लाइट जावी लागते.

असो.