संगणकावर काम करताना मान, कंबर, हात आणि डोळे दुखतात? आधी टेबल-खुर्चीकडे पाहा

दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर बसणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. मान आखडते, खांदे भरून येतात, कंबर धरते, हाताला मुंग्या येतात, डोळे चुरचुरतात. बरेच जण मलम चोळतात, वेदनाशामक गोळी घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत तसेच बसतात. गोळीने दुखणे तेवढ्यापुरते दबते, पण कारण तसेच राहते. नेमके कुठे दुखते हे पाहिले, तर बसण्याच्या जागेत काय चुकते आहे हे बऱ्याचदा कळते.

मान आणि खांदे दुखत असतील तर

डोक्याचे वजन साधारण ४ ते ५ किलो असते. मान पुढे झुकली की हा भार मानेमागच्या स्नायूंना तासन्‌तास ओढून धरावा लागतो. लॅपटॉपची अडचण अशी, की त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले असतात. त्यामुळे एक तर मान वाकते, नाही तर हात उचलून धरावे लागतात.

• लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा आणि कीबोर्ड व माउस वेगळे जोडा.
• स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर साधारण एक हात असावे.
• दुहेरी नंबरचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर स्क्रीन आणखी थोडा खाली घ्या. नाही तर खालच्या काचेतून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान दुखते.
• फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून टाइप करू नका. हेडफोन वापरा.

कंबर दुखत असेल तर

खांदे सैल सोडा. हात कीबोर्डवर असताना कोपर साधारण काटकोनात राहील इतकी खुर्चीची उंची ठेवा. आता पाय लोंबकळत असतील, तर पायाखाली पाट ठेवा. उंची कमी असलेल्यांना, विशेषतः स्त्रियांना, ऑफिसच्या खुर्चीत हा त्रास नेहमी होतो. मग त्या खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात आणि पाठीला टेकू राहत नाही. कंबरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवली तरी चांगला आधार मिळतो. पलंगावर पाय पसरून काम करण्याची सवय मात्र सोडावी.

हाताला मुंग्या येत असतील तर

कोणत्या बोटांना मुंग्या येतात हे नीट पाहा. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल आणि रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटात नस दबत असू शकते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गर्भारपण यांत तो जास्त आढळतो, म्हणून दोष फक्त कीबोर्डला देऊन थांबू नका, तपासणी करून घ्या. करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येत असतील, तर कोपर टेबलावर टेकवून बसण्याची सवय आहे का ते पाहा.

मनगट सरळ ठेवा, ते टेबलाच्या कडेवर दाबू नका आणि माउस कीबोर्डला लागून ठेवा. हे दुखणे अंगावर काढू नका. नस फार काळ दबून राहिली, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू वाळतो, बटण लावणेही जड जाते आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

डोळे चुरचुरत असतील तर

स्क्रीनकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर असेल, तर त्रास वाढतो. दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा आणि पापण्या मुद्दाम मिटा. खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असावी. चाळिशीनंतर जवळचा नंबर तपासून घ्या. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो, याला भक्कम पुरावा नाही.

खुर्ची कितीही चांगली असली तरी

एकाच स्थितीत तासन्‌तास बसणे शरीराला मानवत नाही. दर अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटे चाला. फोनवर बोलताना उभे राहा. पाण्याची बाटली मुद्दाम दूर ठेवा.

या वेळी थांबू नका

• डावा खांदा, हात किंवा जबडा दुखतो आणि सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप आहे. मान आखडली असेल असे समजून झोपू नका, लगेच रुग्णालय गाठा.
• हातातून वस्तू पडतात, चालताना तोल जातो किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटतो.
• दुखण्यासोबत ताप आहे किंवा वजन कारण नसताना घटते आहे.
• डोळा लाल होऊन दुखतो किंवा दिसणे अचानक कमी होते.

रोज वेदनाशामक गोळी घेणे धोक्याचे आहे. त्याने जठरात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी अशी गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये.

ऑफिसमध्ये वेगळा कीबोर्ड किंवा पायाखालचा ठोकळा मागायला संकोच वाटतो. तरीही मागा. गरज पडल्यास डॉक्टरांची चिठ्ठी सोबत द्या. बदल करून दोन-तीन आठवडे पाहा. फरक पडला नाही, तर तपासणीला या. येताना तुम्ही कामाला बसलेले असताना कुणाकडून तरी बाजूने काढून घेतलेला फोटो मोबाइलमध्ये आणा. काय चुकते आहे, हे त्यावरून डॉक्टरांना चटकन कळते.