इंजिनाचा उच्छ्वास

मोटारीचा इतिहास सांगू लागले, की कोणी शर्यतींच्या आठवणी काढतो, कोणी वेगाचे विक्रम मोजतो. मला मात्र आज, वाचकहो, एका नळीची कथा सांगावयाची आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट बसवा, जळत्या वायूचा थोडा अंश त्यांच्या कडेने खाली तेलाच्या कोठ्यात उतरतोच. आपले मेस्त्री त्याला ‘बॅक कम्प्रेशन’ म्हणतात. त्याला वाट दिली नाही, तर दाब वाढून सीलमधून तेल गळू लागते. म्हणून जुन्या गाड्यांना गाडीखाली उघडणारी एक साधी ब्रीदर नळी असे. गाडी धावू लागली, की वाऱ्याच्या ओढीने सारी घाण रस्त्यावर! दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांची ही वाट बुजवून वायू इंजिनातच परत ओढण्याची युक्ती योजली गेली. घरगुती मोटारींना मात्र तिची निकड कोणाला वाटली नाही.

ती वाटली लॉस एंजेलिसला. १९४३ च्या जुलैत त्या शहरावर असे धुरकट सावट आले, की लोकांचे डोळे झोंबू लागले. प्रथम संशय एका कारखान्यावर गेला. तो बंद केला तरी सावट हटेना. पुढे अननसाच्या स्वादाचा अभ्यास करणारे एक रसायनशास्त्रज्ञ, आरी हागेन-स्मिट, या प्रश्नाकडे वळले. मोटारी व तेलशुद्धीचे कारखाने यांतून सुटणाऱ्या इंधनाच्या वाफांवर ऊन पडून हे विष तयार होते, हे त्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखविले. मोटारीच्या अशा वाफांचा मोठा वाटा त्या उघड्या नळीतूनच येत होता. म्हणून १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात, आणि १९६३ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सर्वत्र, नळीचे तोंड इंजिनाकडेच वळविण्यात आले.

वायू परत घ्यायचा, तर त्यातले तेलाचे तुषार गाळले पाहिजेत. ते काम ऑइल सेपरेटरचे. १९९७ साली आलेल्या पोर्शे ९११ च्या ९९६ या पिढीचेच पाहा. तिच्या सेपरेटरात एक रबरी पडदा असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो कडक होऊन फाटतो. मग इंजिन तेल ओढू लागते आणि मागे पांढऱ्या धुराचे लोट उठतात. इंजिन चालू असता तेलाचे झाकण उचलता उचलत नाही, कधी शिट्टी ऐकू येते. या खुणा ओळखाव्यात. तेल फारच शिरले, तर ते दाबले जात नाही, आणि इंजिनच मोडते. म्हणून सेपरेटर बदलताना जवळच्या ठिसूळ नळ्या व रबरी कड्याही बदलाव्यात.

काही हौशी मंडळी म्हणतात, ‘हे लचांड काढा, नळी बाहेर सोडा; इंजिन आतून स्वच्छ राहील.’ राहीलही, पण ती स्वच्छता शेजाऱ्याच्या छातीवर उधार घेतलेली असेल. जुनी गाडी जपणे हा मोठा छंद आहे, आणि त्यात हा काळा, कुरूप, बोनेटखाली दडलेला भाग जपणेही आले. आपला धूर आपणच गिळावा, हे शहाणपण माणसाला लॉस एंजेलिसच्या झोंबणाऱ्या डोळ्यांनी शिकविले आहे. ते नळीबरोबर काढून टाकण्याइतके स्वस्त नाही.