रुपयामागे वीस पैसे

बेकार पोरांना मोबाईलवर कमवायला शिकवणारी शिबिरं हल्ली तालुक्याच्या गावीही भरतात. मागे बॅनर, पुढे चहा-बिस्किटं, आणि व्यासपीठावरचा माणूस हे सगळं गेल्या चार-दोन वर्षांत सुरू झाल्यासारखं बोलतो. आमच्या विट्यात पोरं फोनवर पोट भरायला लागली त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा फोन खिशात नव्हता. घरी असलाच तर टेबलावर असायचा आणि डायलला छोटं कुलूप असायचं. मी त्या पोरांपैकी एक. बी. कॉम. झालेलो, सेवायोजन कार्यालयाचं कार्ड जवळ, आणि ते मुदतीत नूतनीकरण करून आणणं एवढीच नोकरी. पुढची हकिकत दुकानाच्या आतल्या बाजूने पाहिलेली आहे, आणि आत बसणाऱ्याला यंत्रापेक्षा कमिशन जास्त दिसतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या आधीच्या पिढीला परगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. नंबर नोंदवायचा, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि बसून राहायचं. थेट नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, कानपूर-लखनौ दरम्यान १९६० सालीच झाली होती. पण ती तालुक्याला पोचायला पाव शतक गेलं. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिच्यामागे ओडिशातल्या टिटलागढला जन्मलेले आणि अमेरिकेत टेलिफोनच्या धंद्यात नाव कमावून आलेले सॅम पित्रोदा होते. या संस्थेने १२८ लाइनींचं एक छोटं एक्स्चेंज बनवलं. त्याला एसी लागत नव्हता, उन्हाधुळीत ते तग धरायचं. असं पहिलं एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. घरोघरी फोन देणं सरकारला परवडणारं नव्हतं. म्हणून फोन चौकात ठेवायचा, तिथे खासगी माणूस बसवायचा आणि त्याला पगार न देता कमिशन द्यायचं, अशी योजना पुढे आली. पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ यातून जन्मले.

बूथ देताना अपंग, माजी सैनिक, युद्धविधवा यांना प्राधान्य होतं. सुशिक्षित बेरोजगारही त्यात होते. (कागदावर एकाचं नाव आणि खुर्चीत दुसराच, असे बूथही होते. मूळ धारकाला महिन्याचं भाडं पोचायचं. त्याला कोणी गैर मानत नव्हतं.) मग २ ऑक्टोबर १९९३ ला पंतप्रधान रोजगार योजना आली. धंद्याला एक लाखापर्यंत कर्ज आणि त्यात थोडी सबसिडी. गावोगावच्या बँकांत त्या योजनेच्या फायली पाहिल्या तर पिठाची गिरणी, झेरॉक्स आणि एसटीडी बूथ हीच तीन नावं पुन्हा पुन्हा दिसतील. माझं कर्ज त्यातलंच. प्लायवूडची केबिन, वर सनमायका, काचेचं दार, आत छोटा पंखा, आणि बाहेर माझ्या टेबलावर लाल आकड्यांचं मीटर. टेलिफोन खात्याकडे अनामत वेगळी भरायची.

विट्यात हा धंदा इतका का चालला हे बाहेरच्याला चटकन कळायचं नाही. खानापूर, आटपाडी हा दुष्काळी टापू. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं, हे काम घेऊन ती केरळपासून बंगालपर्यंत सराफ कट्ट्यांच्या आजूबाजूला जाऊन बसली. एखाद्या वाडीत निम्म्या घरातला कर्ता पुरुष परराज्यात, अशी स्थिती. म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाचा फोन मिरज-सांगलीला जात नसे. तो एर्नाकुलमला जायचा, पाटण्याला जायचा, कोलकात्याला जायचा. ०४८४, ०६१२, ०३३ हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ झाले होते.

आणि लांबचा फोन म्हणजे महाग फोन. मीटरचा पल्स अंतरावर ठरायचा. जितकं लांब, तितके लाल आकडे भराभर पळायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हजार किलोमीटरपलीकडच्या एका मिनिटाला दिवसाउजेडी तीस रुपयांच्या घरात पैसे पडायचे. त्यावर मला रुपयामागे वीस पैशांच्या आसपास सुटायचे, वर बिलामागे दोन रुपये सर्व्हिस चार्ज. एक माउली पाटण्याला दोन मिनिटं बोलली की माझे बारा-चौदा रुपये झाले. पण ती दोन मिनिटं बोलायचीच असं नव्हतं. निम्मा वेळ तिचा आकड्यांकडे बघण्यात जायचा आणि "बरं हाय न्हवं? ठेवू का?" यातच बोलणं आटपायचं.

खरी गर्दी रात्री. संध्याकाळनंतर दर अर्धा व्हायचा, मग तिसरा हिस्सा, आणि रात्री उशिरा पाव. त्या पाव दरासाठी बायका लेकरं काखेत घेऊन थांबायच्या. कोणाला नंबर फिरवता यायचा नाही, कोणाला वाचता यायचा नाही. चिठ्ठी माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "दादा, एवढा लावून द्या की." सकाळी वेगळं गिऱ्हाईक. ते सराफीतलं, आणि त्याला भावाशिवाय काही विचारायचं नसायचं. पलीकडून येणाऱ्या फोनचं आम्हाला खात्याकडून काहीच मिळत नव्हतं. पण "अमक्याच्या घरी सांगा, दहा मिनिटांनी परत करतो" असा निरोप आला की पोरगं सायकलवर पिटाळायचं. त्याचे दोन रुपये घरचे आनंदाने द्यायचे. कोणाचा मनीऑर्डरीवरून वाद, कोणाच्या पोरीचं जमलेलं लग्न, कोण परगावी वारलं हे सगळं काचेआडून अर्धंमुर्धं कानावर यायचं. बूथवाल्याने ते पोटात ठेवायचं असा अलिखित नियम होता, आणि तो मोडणाऱ्याचा धंदा बसायचा.

खात्याचं बिल पंधरवड्याला यायचं. ते मुदतीत भरलं नाही की लाइन बंद. म्हणजे गल्ल्यात रोज दिसणाऱ्या पैशातले ऐंशी टक्के आपले नाहीत, हे ज्याला उमगलं तो टिकला. ज्याने त्यातून मोटारसायकल घेतली तो वर्षात उठला. धंदा म्हणजे काय हे मी बी. कॉम.च्या पुस्तकात शिकलो नाही, या ऐंशी टक्क्यांनी शिकवलं.

देशात मोबाईलवरून पहिला फोन ३१ जुलै १९९५ ला झाला. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. आम्ही ते पेपरात वाचलं आणि विसरलो, कारण तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. आमच्या मुळावर उठली ती तारीख १ मे २००३. त्या दिवसापासून इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी ५०१ रुपयांत मोबाईल मिळू लागले, आणि मागोमाग टॉर्चवाला नोकिया ११०० घरोघर झाला. मग १ मार्च २००६ ला बीएसएनएलने देशात कुठेही एक रुपया मिनिट केलं. तीस रुपयांवरचे वीस टक्के म्हणजे सहा रुपये. एका रुपयावरचे वीस टक्के म्हणजे वीस पैसे. त्याच्या पुढे हिशोब करायला काही उरलं नव्हतं. एक रुपयाचे कॉइन बॉक्स किराणा दुकानाबाहेर आणखी काही वर्षं लटकत राहिले. केबिनी मात्र निघाल्या. माझ्या केबिनचं काचेचं दार आज एका पानपट्टीला आहे.

बूथवाल्यांचं पुढे काय झालं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. माझ्या पाहण्यात तरी बहुतेक जण फोनच्याच आसऱ्याला राहिले. आधी सिम कार्ड आणि रिचार्जची कुपनं, मग दुकानदाराच्या मोबाईलवरून थेट बॅलन्स टाकणं. कमिशन वीस पैशांवरून रुपयामागे दोन-तीन पैशांवर आलं. शंभराच्या रिचार्जला अडीच-तीन रुपये, तेही गिऱ्हाइकाने उधार ठेवलेलं. ज्याला यात भागेना तो दुरुस्ती शिकला. हॉट एअर गन, भिंग, पाण्यात पडलेल्या बोर्डाची सफाई, सॉफ्टवेअर मारणं, जंपर ओढणं ही नवी विद्या पोरं पुण्या-मुंबईत महिना-दोन महिने राहून घेऊन आली. शाळेत दोनदा नापास झालेलं पोरगं यात बी. कॉम.वाल्याच्या पुढे गेलेलं मी पाहिलं आहे.

त्या काळातला सगळ्यात गमतीचा धंदा म्हणजे मेमरी कार्डात गाणी भरणं. एक जुना कॉम्प्युटर, त्यात भक्तिगीतं, लावण्या, हिंदी सिनेमा यांची फोल्डरं, आणि समोर दहा-वीस रुपये घेऊन उभी रांग. कायद्याने ती चोरीच होती. पण गलाईवर निघालेला पोरगा आधी कार्ड भरून घ्यायचा आणि मग गाडीत बसायचा. नंतर चिनी मोबाईल आले. दोन सिम, चार स्पीकर आणि फोनची ओळख असणारा आयएमईआय नंबरच नाही! १ डिसेंबर २००९ पासून असे फोन बंद होणार असं सरकारने जाहीर केलं, तेव्हा १९९ रुपयांत अस्सल आयएमईआय घालून देण्याची अधिकृत सोय झाली. कायदा पाळून एवढी गर्दी मोबाईल दुकानात त्याआधी झाली नव्हती.

याच सुमारास "घरबसल्या कमवा" हे वाक्य आलं. २०१० साली स्पीक एशिया नावाची कंपनी आली. तिथे अकरा हजार भरायचे आणि आठवड्याला कॉम्प्युटरवर सर्वेक्षणं भरायची. प्रत्येक सर्वेक्षणाचे पैसे, आणि माणसं जोडली तर आणखी. पेपरात पानभर जाहिराती, टीव्हीवर जाहिराती. २०११ मध्ये मुंबई पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला आणि देशभरातल्या लाखो लोकांचे पैसे अडकले. आता व्हिडिओला लाईक करा आणि पैसे मिळवा असे निरोप टेलिग्रामवर येतात, त्यात मला नवं काही दिसत नाही. अनामत मीही भरली होती. फरक असा की माझं कमिशन फोन लावणाऱ्या बाईकडून यायचं आणि तिला त्या बदल्यात नवऱ्याचा आवाज ऐकू यायचा. सर्वेक्षणवाल्याला पैसे देणारं गिऱ्हाईकच कुठे नव्हतं. पैसे यायचे ते पुढच्या अकरा हजारांतून.

युट्यूबवर नाव काढलेल्यांबद्दल मी थोडकंच बोलतो, कारण तो धंदा कलेचा आहे आणि कला सगळ्यांना नसते. टिकटॉक २९ जून २०२० ला एका रात्रीत बंद झालं, तेव्हा लाखांनी अनुयायी असलेली आमच्याकडची पोरं सकाळी परत रोजगार शोधायला लागली होती, एवढं नोंदवून ठेवतो.

माझं दुकान आता भाचा बघतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्याच वर्षी यूपीआय आलं आणि नोटाबंदीही झाली. तेव्हापासून रिचार्ज लोक आपला आपण मारतात. भाचा करतो ते काम वेगळं: अंगठ्यावर पैसे काढून देणं, ई-पीक पाहणीत म्हाताऱ्यांना मदत, पीएम किसानची केवायसी, पीक विम्याचे अर्ज. फोन आता सगळ्यांकडे आहे. तरी चिठ्ठी पुढे करून "एवढं करून दे" म्हणणारी माणसं तीच आहेत, आणि पोराचं पोट त्यांच्यावर चालतं.

२०२३ च्या खरिपाला राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा दिला. शेतकऱ्याने फक्त रुपया भरायचा आणि भाच्यासारख्या सेवा केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळायचे. सातबारा, आधार, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र एवढं स्कॅन करून चढवायचं, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रांगत असायचा. काही केंद्रांनी शंभर-दोनशे रुपये उकळले, तक्रारी झाल्या, इशारे निघाले. उकळणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण वीज, नेट, कागद आणि अडकलेला अर्धा तास धरून चाळीस रुपयांचा हिशोब कोणी मांडला होता का, हेही विचारायला हवं. आमच्या बूथवर दर सरकारने ठरवला होता आणि लाल आकड्यांत तो गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत होता. म्हणून आमच्याकडे भांडणं क्वचित झाली.

बेकार पोरांसाठी मोबाईलची योजना आखणाऱ्यांनी टॅब वाटण्याआधी एक कागद काढावा. कोणत्या कामाला किती कमिशन, ते कोण देणार आणि किती दिवसांत खात्यावर येणार, हे त्यावर लिहावं. तो दर भागण्यासारखा ठेवावा, आणि दुकानाबाहेर एवढ्या मोठ्या अक्षरांत लावायची सक्ती करावी की रांगेतल्या शेवटच्या म्हातारीलाही तो वाचता यावा.