आकडा एक, दर अनेक

होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या आद्याक्षरांवरून जिला एचएसआर लेआउट हे नाव पडले, ती बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेली सात सेक्टरांची वसाहत आज मराठी कुटुंबांना अपरिचित नाही. मुलगा किंवा मुलगी संगणक क्षेत्रात नोकरीला, आणि काही वर्षांनी गावचे घर कुलूपबंद करून आईवडीलही तिथेच, हा क्रम आता घरोघरचा झाला आहे. माझी मावशी अशीच साताऱ्याहून तिथे गेली. तिच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्यामुळे वॉरफरिनची गोळी जन्माची, आणि दर महिन्याची प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रोजच्या बोलण्यातली 'पीटी-आयएनआर', ही तपासणीही जन्माची.

मागच्या खेपेस मी गेलो तेव्हा तिने तीन पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. तिन्ही प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर. एकीचा दर अडीचशे रुपयांच्या आत, दुसरीचा चारशेच्या घरात, तिसरीचा घरी येऊन रक्त नेण्याच्या आकारासह सहाशेच्या पुढे. "रक्त माझंच, तपासणी तीच, मग पैसे का रे वेगळे? जन्मभर सरकारी नोकरी केलीस ना, सांग," ती म्हणाली. मला चटकन उत्तर देता आले नाही.

उत्तरासाठी आधी आकड्याचा इतिहास पाहावा लागतो. १९३३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेल्या गाईचे न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्याकडे गेला. कुजलेल्या 'स्वीट क्लोव्हर' गवतातल्या ज्या द्रव्याने जनावरे रक्तस्रावाने मरत होती ते लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढले, आणि त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले. १९५४ पासून ते माणसांना दिले जाऊ लागले. मात्रा थोडी चुकली तर गुठळी किंवा रक्तस्राव, असे हे औषध. ते तपासणीशिवाय देताच येत नाही. ती तपासणी आर्मंड क्विक यांनी १९३५ सालीच बसवली होती : रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम मिसळायचे आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचे.

घोटाळा होता तो थ्रॉम्बोप्लास्टिनमध्ये. कुठे ते सशाच्या मेंदूपासून करत, कुठे मानवी मेंदूपासून, आणि त्याप्रमाणे एकाच रक्ताचे सेकंद वेगवेगळे येत. ब्रिटनमधले द्रावण अधिक संवेदनशील होते, अमेरिकेतले कमी, त्यामुळे अमेरिकेतल्या रुग्णांना जास्त मात्रा दिली जाई आणि रक्तस्रावही अधिक होत. अखेर १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक द्रावणाला संवेदनशीलतेचा निर्देशांक देऊन सेकंदांचे एका समान गुणोत्तरात रूपांतर करण्याची पद्धत स्वीकारली. तेच आयएनआर. साताऱ्यातला २.८ आणि बंगळूरमधला २.८ यांचा अर्थ आज एकच होतो तो यामुळे. मावशीची जुनी फाइल नव्या डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात कळली, त्यामागे हे सारे आहे.

आकडा असा जगभर एक झाला. गोळीची किंमतही भारतात बांधलेली आहे. वॉरफरिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने २०१३ च्या औषध दर नियंत्रण आदेशाखाली त्याची कमाल किंमत ठरते. हा आदेश निघतो तो १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्यातून, आणि तो कायदा वस्तूंचा आहे. रक्त तपासणे ही सेवा, आणि आरोग्य हा राज्यांचा विषय. गोळी आणि तपासणी रुग्णाच्या दृष्टीने एकाच उपचाराचे दोन भाग असले, तरी शासनाच्या दप्तरात ती दोन वेगळ्या कपाटांत पडतात.

दर मुक्त असले म्हणजे स्पर्धेने ते उतरतील, असे कोणी म्हणेल. थायरॉइडच्या बाबतीत ते खरे ठरले. १९९६ साली सुरू झालेल्या थायरोकेअरने देशभरचे नमुने विमानाने मुंबईत आणून दर खाली आणले. या तपासणीला मात्र ती वाट फारशी सोयीची नाही. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीतला नमुना साधारणतः चोवीस तासांच्या आत तपासावा लागतो, आणि उघडलेले द्रावणही फार टिकत नाही. दिवसाला दोनच रुग्ण येणाऱ्या प्रयोगशाळेत बरेचसे द्रावण वायाच जाते. म्हणजे दरांतला काही फरक खरोखरीच्या खर्चाचा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बाकीचा कशाचा, हे पावतीवरून कळत नाही.

कायद्याने प्रयत्न केले नाहीत असे नाही. कर्नाटकाच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याने दर जाहीर लावणे बंधनकारक केले. २०१७ च्या दुरुस्ती विधेयकाने दर ठरवण्याचाच अधिकार शासनाकडे मागितला, डॉक्टरांनी संप केला, आणि बेळगावच्या अधिवेशनात विधेयक संमत झाले तेव्हा तो अधिकार सरकारी योजनांपुरता उरला होता. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी दरफलक आणला, पण तो १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली, आणि स्वतंत्र प्रयोगशाळा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

मात्र साथ आली की हात मोकळे होतात. करोनाची आरटी-पीसीआर तपासणी महाराष्ट्रात जून २०२० मध्ये ४,५०० वरून २,२०० रुपयांवर आणि मार्च २०२१ अखेर ५०० वर आणली गेली. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाने डेंग्यूच्या एलायझा तपासण्यांना प्रत्येकी ३०० रुपयांची मर्यादा घातली. झडपेचे रुग्ण एकदम रांगेत उभे राहत नाहीत. ते महिन्याला एकेकटे येतात, आणि न परवडल्यास एखादा महिना येत नाहीत. मावशीनेही मुलाला न सांगता दोन महिने तपासणी टाळली होती. तिसऱ्या महिन्यात आकडा ४.८ आला आणि गोळी काही दिवस थांबवावी लागली.

हे सगळे मी तिला सांगितले. तिने निमूट ऐकून घेतले आणि फाइलचे शेवटचे पान दाखवले. त्यावर तिने तीन रकाने आखले आहेत : तारीख, आयएनआर आणि दिलेले पैसे. मधल्या रकान्यातले आकडे आता २.५ ते ३.३ च्या दरम्यान आहेत. तिसऱ्या रकान्यात दोन नोंदी एकसारख्या सापडल्या नाहीत.